सरकारी विद्यापीठांची फी नेमकी कोणी वाढवली?

अमेरिकेतल्या सरकारी विद्यापीठांबद्दल एक युक्तिवाद सर्रास फिरवला जातो. त्याचा मथितार्थ असा: 'राज्य सरकारांनी हात आखडता घेतला म्हणून फी वाढली, ही थाप आहे. राज्यं पूर्वीपेक्षा जास्तच पैसे देतात. फी वाढते ती अधिकाऱ्यांच्या खोगीरभरतीमुळे आणि सहज मिळणाऱ्या कर्जांमुळे. शिवाय गरजूंना शिष्यवृत्ती असतेच.' ऐकायला हे पटतं. पण याच्याच आधारावर निधीला कात्री लावली जाते आणि भुर्दंड अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलांना बसतो, म्हणून एकेक मुद्दा तपासायलाच हवा.

'राज्यं जास्त पैसे देतात.' एकूण रक्कम पाहिली आणि महागाईकडे डोळेझाक केली, तर हे बऱ्याच वर्षांपुरतं खरं ठरतं. पण विद्यापीठ चालतं ते दर विद्यार्थ्यामागे किती पैसे मिळतात त्यावर. २००८ च्या मंदीनंतरची चार वर्षं घ्या. महागाई धरून हिशोब केला तर राज्यांकडून दर विद्यार्थ्यामागे मिळणारा निधी सुमारे एक चतुर्थांशाने घटला. जवळपास सर्व राज्यांना अंदाजपत्रक समतोल ठेवणं बंधनकारक असतं. महसूल आटला की कपात करावीच लागते, आणि शाळा, आरोग्य, तुरुंग यांना हात लावणं अवघड असतं. विद्यापीठं मात्र फी वाढवून तूट भरून काढू शकतात, म्हणून कुऱ्हाड आधी त्यांच्यावर पडते. नेमक्या त्याच काळात नोकऱ्या गेलेले लोक शिकायला परततात. म्हणजे पैसा कमी होतो तेव्हाच विद्यार्थी वाढतात. एकूण रकमेचा आकडा हे सगळं झाकून टाकतो.

कॅलिफोर्नियाच्या १९६० च्या उच्च शिक्षणाच्या आराखड्यात राज्यातल्या विद्यार्थ्यांकडून शिकवणी शुल्क घ्यायचं नाही असं ठरलं होतं. २००९ मध्ये त्याच राज्याने आपल्या विद्यापीठाच्या निधीत मोठी कपात केली आणि नोव्हेंबरमध्ये नियामक मंडळाने ३२ टक्के फीवाढ मंजूर केली. यात कारण कोणतं आणि परिणाम कोणता, हे वेगळं सांगायची गरज नाही. पुढे अनेक राज्यांनी निधी वाढवला, पण फी मंदीपूर्व पातळीवर परतली नाही.

इथे विरोधक एक आकडा पुढे करतात. अर्थतज्ज्ञ डग्लस वेबर यांच्या अभ्यासानुसार दर विद्यार्थ्यामागे हजार डॉलरची कपात झाली, तर फी सरासरी अडीचशे डॉलरच्या आसपास वाढते. मग उरलेलं कुठे जातं? ते फीच्या पावतीवर दिसत नाही. वर्ग भरगच्च होतात, कायम प्राध्यापकाच्या जागी तात्पुरता शिक्षक येतो, आवश्यक विषय त्या सत्रात उपलब्ध नसतो आणि पदवी लांबते. हा आकडा कपातीची बाजू घेत नाही. नुकसान फीपेक्षा मोठं आहे, एवढंच तो सांगतो.

खोगीरभरतीचं काय? प्रशासकीय पदं वाढली आहेत आणि त्याचा जाब विद्यापीठांना जरूर विचारावा. पण फी वाढायला खर्च वाढावाच लागतो असं नाही, हे इंग्लंडने दाखवून दिलं. तिथे २०१२ मध्ये फीची कमाल मर्यादा ३,३७५ पौंडांवरून एकदम ९,००० पौंडांवर गेली. एका रात्रीत अधिकारी तिप्पट झाले नव्हते. सरकारने अध्यापनाचं अनुदान काढून घेतलं होतं, मानव्यविद्या आणि समाजशास्त्रांचं तर जवळजवळ पूर्णच. तोच वर्ग, तेच शिक्षक, फक्त पैसे भरणारा बदलला.

कर्जांमुळे फी वाढते हा सिद्धांत अमेरिकेचे शिक्षणमंत्री विल्यम बेनेट यांनी १९८७ मध्ये मांडला. नफ्यासाठी चालणाऱ्या खासगी संस्थांबाबत त्याला भक्कम पुरावा मिळतो. सरकारी विद्यापीठांबाबत तो बराच तोकडा पडतो.

शिष्यवृत्तीचा मुद्दा मला सर्वांत घातक वाटतो, कारण तो सहृदय असल्यासारखा भासतो. फी भरमसाट ठेवा, गरिबाला सवलत द्या, झालं. पण सवलत मिळेल की नाही हे अर्ज करून, उत्पन्नाचे कागद देऊन, प्रवेश मिळाल्यावर कळतं. छापील फी मात्र आधीच दिसते. मिशिगन विद्यापीठाने २०१५ मध्ये राज्यातल्या कमी उत्पन्नाच्या हुशार विद्यार्थ्यांना एक पत्र पाठवलं: प्रवेश मिळाला तर चार वर्षं फी माफ, वेगळे फॉर्म नकोत. यातल्या बहुतेकांना एरवीही जवळपास तेवढीच मदत मिळाली असती. तरीही पत्र मिळालेल्यांपैकी ६८ टक्क्यांनी अर्ज केला. न मिळालेल्यांपैकी फक्त २६ टक्क्यांनी. प्रवेश घेणाऱ्यांचं प्रमाणही दुपटीहून जास्त झालं. पैसा जवळपास तोच होता, फक्त खात्री आधी दिली गेली. म्हणून 'शिष्यवृत्ती असतेच' असं म्हणणाऱ्यांनी किती जणांना सवलत मिळाली हे सांगून थांबू नये. फीचा आकडा पाहून ज्यांनी अर्जच केला नाही, त्यांचाही हिशोब द्यावा.