ड्रायरचा पाइप गच्चीवर का नको: एका प्रतिक्रियेला उत्तर

भाऊ, तुमची प्रतिक्रिया सविस्तर आहे, म्हणून उत्तरही तसंच देतो. कपडे वाळवायच्या ड्रायरचा पाइप बाहेरच्या भिंतीतून काढा, असं मी आधी लिहिलं होतं. त्यावर तुमचं म्हणणं असं: ४५ डिग्रीच्या नागपुरात ड्रायर ही नुसती चैन. घ्यायचाच तर वरच्या मजल्यावरून पाइप सरळ स्लॅबमधून गच्चीवर काढावा, गरम हवा वरच जाते. भिंत फोडायला सांगून मी लोकांना उगाच खर्चात पाडतो.

चैनीवर वाद नाही. मे महिन्यात दोरीवरची चादर बघता बघता वाळते, तेव्हा ड्रायर लावणारा माणूस मलाही कळत नाही. पण घरात तान्हं बाळ आणि बाहेर चार दिवसांची झड, अशा वेळी मशीन घेतलीच असेल तर तिचा पाइप कुठे काढायचा, एवढाच माझा विषय होता. नवीन घेणार असाल तर कंडेन्सर किंवा हीट पंपवाली, म्हणजे वाफेचं पाणी आतच करणारी मशीन बघा; त्यांना बाहेर पाइप लागतच नाही.

आता गरम हवेचं. ड्रायरमधली हवा स्वतःहून वर जायची वाट बघत नाही, तिला मशीनचा पंखा ढकलतो. त्या पंख्याला त्रास होतो तो पाइपच्या लांबीचा आणि वळणांचा. अमेरिकेत ड्रायर घरोघरी असतात. तिथल्या घरबांधणीच्या नियमावलीत ४ इंची पाइपला ३५ फुटांची मर्यादा आहे आणि प्रत्येक काटकोनी वळणामागे त्यातले ५ फूट वजा होतात. तुमच्या मशीनच्या पुस्तिकेतला आकडा याहून कमी असेल तर तोच धरा. मशीन बाहेरच्या भिंतीला टेकून असेल तर तिथे पाइप फार तर दोन-तीन फूट लागतो. गच्चीवर न्यायचा म्हणजे पूर्ण मजल्याची उंची, आणि वर टोपी.

त्या पाइपमधून जातं काय तेही बघा. पाच किलो सुती कपड्यांत स्पिननंतरही अडीच लिटरच्या आसपास पाणी उरतं. ते सगळं वाफ होऊन बाहेर पडतं, सोबत कपड्यांचं तूस. डिसेंबरच्या रात्री गच्चीवरचा पाइप गार पडला की वाफेचं पाणी होऊन ते उलट मशीनकडे ओघळतं, आणि तूस पाइपच्या आत लापशीसारखं थापलं जातं. वाळलं की तेच पेट घ्यायला तयार. म्हणूनच पीव्हीसीचा (प्लास्टिकचा) पाइप नको, असं मी तेव्हाच म्हटलं होतं. कुलरची बॉडी बनवणारा कोणताही कारागीर जीआय (जस्त चढवलेल्या लोखंडी) पत्र्याचा गोल पाइप वळून देतो. जोडावर स्क्रू मारू देऊ नका, आत आलेल्या टोकांना तूस अडकतं.

खर्चाचं म्हणाल तर विटांच्या भिंतीला भोक पाडणं हे स्लॅबपेक्षा कधीही स्वस्त. स्लॅबमध्ये सळई लागते, वॉटरप्रूफिंग तुटतं, आणि ते भोक बुजवून देणारा माणूस दोन पावसाळ्यांनी फोन उचलत नाही.

भिंत कोणती, हा प्रश्न मात्र तुम्ही विचारलाच नाही, आणि नागपुरात खरी गोम तिथेच आहे. कुलर! तो बाहेरची हवा ओढतो. शेजारी ड्रायरचं तोंड असलं तर दमट हवा ओढेल, गारवा कमी देईल आणि त्याच्या जाळीतल्या गवतावर तूस साचेल. दोन्ही एका वेळी कुठे चालतात, असं म्हणाल. जूनअखेरीस चालतात. शिवाय पावसाळ्यात पाणी न घालता कुलरचा नुसता पंखा लावणारी घरं आपल्याकडे थोडी नाहीत. तिथे अडीच लिटर वाफ परत खोलीतच यायची. खिडकीपासून किमान ३ फूट अंतर ठेवतात. कुलरपासून मी त्याहून जास्त सोडेन, जमलं तर दुसरी भिंतच घेईन. छज्ज्याच्या अगदी खालीही नको, वाफ तिथे अडून खिडकीकडे वळते. पश्चिमेला पावसाचा मारा असतो, त्यामुळे पूर्व किंवा उत्तर मिळाली तर उत्तम. शेजाऱ्याच्या बेडरूमसमोर तोंड येत नाही ना, हे आधी गच्चीवरून वाकून बघा.

आणि कबुतरांसाठी जाळी बसवा ही तुमची सूचना कृपा करून अमलात आणू नका. बारीक जाळी तुसाने लवकर बुजते. हवा आली की उघडणारं, एरवी मिटणारं झाकण लावा आणि अधूनमधून ते हाताने उघडून आतला थर काढा. त्यासाठी भिंतीतल्या पाइपच्या तोंडापर्यंत धोका न पत्करता हात पोचेल ना, हे जागा ठरवतानाच बघून घ्या.