नोबिताला मारलं कोणी?

दर काही महिन्यांनी तो मेसेज पुन्हा फिरायला लागतो. डोरेमॉन ही जपानी कार्टून मालिका म्हणे सत्यकथा आहे. नोबिता नावाच्या जपानी मुलाला स्किझोफ्रेनिया होता, शाळेत कोणी मित्र नव्हते, म्हणून त्याने मनानेच एक रोबो-मांजर उभं केलं. डॉक्टरांनी खरं सांगितल्यावर सोळाव्या वर्षी त्याने जीव दिला, आणि हाच मालिकेचा ‘शेवटचा भाग’. खाली रडक्या इमोजींची रांग. परवा तिसरीतल्या भाचीने विचारलं, “मामा, नोबिता खरंच मेला का रे?” म्हणून एकदा नीटच लिहितो.

सत्यकथा? मेसेजमध्ये त्या मुलाचं ना गाव, ना साल. उलट डोरेमॉन कसा सुचला हे त्याचे जनक हिरोशी फुजिमोतो (पुढे फुजिको एफ. फुजिओ या नावाने प्रसिद्ध) यांनी स्वतःच एका कॉमिकमध्ये रंगवलंय. अंक छापायची वेळ आली, डोकं चालेना, मांजराचा विचार मनात घोळत होता, आणि मुलीच्या गोल बाहुलीला ठेच लागली. मांजर अधिक बाहुली, झाला डोरेमॉन.

म्हणे तो फक्त नोबितालाच दिसतो. हे लिहिणाऱ्याने एकही भाग पाहिलेला नसणार. नोबिताची आई डोरेमॉनला जेवायला वाढते, वर्गातले जियान आणि सुनियो त्याची गॅजेट्स हिसकावून पळतात. निम्मे विनोद त्यावरच तर चालतात! आणि स्किझोफ्रेनिया हा आजार सहसा किशोरवयाच्या अखेरीस किंवा तिशीच्या आत दिसू लागतो, दहा वर्षांच्या मुलात अतिशय क्वचित. फॉरवर्ड चटकदार करायला कुणाच्या तरी घरातला खरा आजार वापरलाय, याचा मला जास्त राग येतो.

सोळाव्या वर्षी मृत्यू? मग डोरेमॉनला पाठवलं कुणी? बाविसाव्या शतकातल्या सेवाशीने, म्हणजे नोबिताच्या नातवाच्या नातवाने. पणजोबांच्याही पलीकडच्या या आजोबाने करून ठेवलेलं कर्ज त्याच्या पिढीपर्यंत फिटलेलं नाही, म्हणून तो रोबो पाठवतो. सोळाव्या वर्षी गेलेल्या मुलाला नातवाचा नातू कुठून आणायचा?

राहिला ‘शेवटचा भाग’. इथे खरी गंमत आहे, आणि ती शाळेशी जोडलेली आहे.

डोरेमॉन कॉमिक म्हणून १९७०च्या जानेवारी अंकांपासून शोगाकुकान प्रकाशनाच्या सहा मासिकांत एकदम सुरू झाला. ही मासिकं इयत्तेनुसार निघत: पहिलीचं वेगळं, दुसरीचं वेगळं, बालवाडीच्या वयाचीही होती. प्रत्येकासाठी फुजिमोतो वेगळी गोष्ट काढत. जपानमध्ये शाळेचं वर्ष मार्चमध्ये संपतं. तेव्हा चौथीच्या पुढच्या मासिकांत डोरेमॉन नव्हता; चौथीतल्या मुलाची डोरेमॉनशी गाठ मार्चलाच सुटायची. म्हणून निरोपाच्या पहिल्या दोन गोष्टी आल्या. १९७१च्या मार्चमध्ये भविष्यातले पर्यटक भूतकाळात फार धुडगूस घालतात म्हणून कालप्रवासावरच बंदी येते, आणि डोरेमॉन परत जातो. १९७२मध्ये दुसरा निरोप.

तिसरा १९७४च्या मार्चचा, तिसरीच्या मासिकात. डोरेमॉन निर्धास्त मनाने जावा म्हणून नोबिता रात्री एकटाच जियानशी भिडतो, मार खातो, पण सोडत नाही. शेवटी जियानच कंटाळून हार मानतो. सकाळी डोरेमॉन गेलेला असतो. मोठ्या माणसालाही गलबलून येईल असं आहे ते. त्यासाठी कुणाला मारावं लागलेलं नाही.

बॅटरी संपलेल्या डोरेमॉनला दुरुस्त करायला नोबिता शास्त्रज्ञ होतो, हा ‘गोड’ शेवटही खूप फिरतो. तोही चाहत्यांचा. एका चाहत्याने त्याचं पुस्तक छापून विकलं, तेव्हा शोगाकुकानने आक्षेप घेतला होता. फुजिमोतो १९९६मध्ये गेले, तेव्हा डोरेमॉनची एक दीर्घकथा अर्धीच राहिली होती. मालिकेचा अंतिम भाग त्यांनी लिहिलाच नाही.

मार्च १९७४नंतर काय झालं, हे भाचीला सांगितलं. एप्रिलमध्ये तीच मुलं चौथीत गेली, आणि चौथीच्या अंकात नोबिताला डोरेमॉनने ठेवून दिलेलं एक औषध सापडलं. ते प्यायलं की आपण बोलू त्याच्या उलट घडतं. नोबिता रडत म्हणतो की डोरेमॉन आता कधीच परत येणार नाही. आणि खोलीत येऊन बघतो, तर समोर डोरेमॉन.