कच खाण्याचा शिक्का

२०२५ च्या फ्रेंच ओपन टेनिसच्या अंतिम सामन्यात यानिक सिनरच्या हातून तीन चॅम्पियनशिप पॉइंट (जिंकला की विजेतेपदच, असा गुण) निसटले आणि कार्लोस अल्काराझ जिंकला. आमच्या घरच्या ग्रुपवर काकांनी लगेच लिहिलं, "पोरगं मनाने कच्चं आहे." पाच आठवड्यांनी विम्बल्डनच्या अंतिम सामन्यात सिनरने त्याच अल्काराझला चार सेटमध्ये हरवलं. एवढ्या दिवसांत कोणाचा स्वभाव बदलतो का?

आपल्याकडे जिगर उपजत मानतात. असली तर असली, नाहीतर नाही. पी. व्ही. सिंधू मोठ्या स्पर्धांच्या अंतिम फेऱ्या हरत होती, तेव्हा ती ऐन वेळी कच खाते असं आपण किती सहज म्हणायचो! २०१९ मध्ये बासेलला जागतिक स्पर्धेच्या अंतिम फेरीत तिने जपानच्या ओकुहाराला २१-७, २१-७ असं हरवलं, तेव्हा कुठे ती चर्चा थांबली.

मी इंग्लंडमध्ये राहते. इथले लोकही काही वेगळे नाहीत. ब्रिटिश टेनिसपटू अँडी मरेबद्दल हेच बोललं जायचं. ग्रँड स्लॅमचे, म्हणजे टेनिसच्या चार सर्वांत मोठ्या स्पर्धांमधले, पहिले चारही अंतिम सामने तो हरला. चौथा, २०१२ चा विम्बल्डनचा, फेडररकडून हरल्यावर सेंटर कोर्टवर माइकसमोर त्याला रडू आवरेना. पण त्याचा प्रशिक्षक होता इव्हान लेंडल, आणि पुढे मोठा विजेता ठरलेला लेंडलही पहिले चार अंतिम सामने हरलेला! मरेने मानसतज्ज्ञाची मदतही घेतली. चारच आठवड्यांनी त्याच कोर्टवर फेडररला सरळ सेटमध्ये हरवून त्याने ऑलिंपिक सुवर्ण जिंकलं, सप्टेंबरमध्ये अमेरिकन ओपन.

२०१३ च्या विम्बल्डनचा शेवटचा गेम मला अजून आठवतो. मरे ४०-० ने पुढे, समोर जोकोविच. तिन्ही मॅच पॉइंट गेले, वर ब्रेक पॉइंट (गमावला तर आपल्या सर्व्हिसचा गेमच जातो, असे गुण) वाचवायची वेळ आली. ते त्याने वाचवले आणि चौथ्या मॅच पॉइंटवर ब्रिटिश पुरुषांची विम्बल्डन विजेतेपदासाठीची ७७ वर्षांची प्रतीक्षा संपवली. हात तेव्हाही थरथरत असतील, पण थरथरत्या हाताने पुढची सर्व्हिस कशी करायची हे तो एव्हाना शिकला होता. जोकोविचसारखा प्रतिस्पर्धी वारंवार समोर येतो, तेव्हाच हे शिकता येतं.

पुण्यात माझा भाचा ज्युनिअर स्पर्धा खेळतो. टायब्रेकमध्ये, म्हणजे सेट बरोबरीत आल्यावरच्या निर्णायक गेममध्ये, घाबरतो म्हणून त्याचं टेनिस बंद करायचं घरात चाललंय. मला ते अजिबात पटत नाही. त्याला आणखी सामने खेळू द्या, हरू द्या, आणि त्या भीतीबद्दल मोकळेपणाने बोलणारा एक प्रशिक्षक शोधून द्या.