10 टन म्हणजे अर्धा टन

बेळगावात एसीचा धंदा करतो म्हटलं की जुनी माणसं अजून हसतात. गरिबांचं महाबळेश्वर म्हणायचे गावाला. एप्रिलात पंखा लावला तरी आमची आजी म्हणायची, बंद कर रे, गारठलो. आता झाडं गेली, सिमेंट आलं, आणि मंगल कार्यालय बघायला आलेली पार्टी जेवणाचा रेट विचारायच्या आधी एसी आहे काय विचारते, त्यातनं आमचं चालतंय.

तर खानापूर रोडकडच्या एका मंगल कार्यालयाच्या गच्चीवर युनिट बसवायचं काम मिळालं. घरातल्यासारखा आत एक डबा बाहेर एक डबा नाही, सगळं एकाच मोठ्या पेटीत, पेटीला खालून दोन तोंडं, एकातनं हॉलमध्ये हवा जाते, ते सप्लाय, दुसऱ्यातनं परत येते, ते रिटर्न. उन्हाळ्यात गार, डिसेंबरात तोच गॅस उलटा फिरवून गरम. ही पेटी स्लॅबवर नुसती ठेवत नाहीत, आधी पत्र्याची 14 इंच उंच चौकट बसवायची, तिला कर्ब म्हणतात, आणि चौकटीच्या आतला स्लॅब कापायचा.

"कापायचा?" मालककाका खुर्चीतनं उठलेच. "अरे गळतोय म्हणून दोनदा केमिकल मारलं, वरनं पत्रा घालणार होतो, आणि तू भोक पाडूलालास?"

"काका, 14 इंच उंची त्याच्यासाठीच की. गच्चीवर तेवढं पाणी साठलं तर एसीचं सोडा, कार्यालय पोहायला भाड्यानं द्या."

काकांना विनोद आवडला नाही. पण काम मिळालं.

कर्ब उद्यमबागेत करून घेतला. एका कडेला खडूनं मोठ्ठा बाण काढून 'सप्लाय' लिहिलं, गवंड्याला दाखवलं, स्लॅब कापून घेतला आणि निश्चिंत होऊन दोन दिवस हुबळीला गेलो. इथं पहिली चूक. दुसरी चूक फोनवर झाली. क्रेनवाल्यानं विचारलं, किती टनाचं मशीन? मी सवयीनं बोलून गेलो, 10 टन.

आता एसीचा टन हा वजनाचा नव्हेच. पूर्वी बर्फानं गारवा करायचे तेव्हाचा हिशोब तो, 2000 पौंडांचा एक अमेरिकी टन बर्फ 24 तासांत वितळायला जेवढी उष्णता खातो, तेवढी ओढून घेणारं मशीन म्हणजे एक टनाचं. आमची 10 टनाची पेटी वजनाला जेमतेम अर्धा टन. हे क्रेनवाल्याला कोण सांगणार? तो घेऊन आला ते असलं धूड की गल्लीच्या तोंडाला केबलची वायर, एक बोर्ड आणि कुणाची तरी वाळत घातलेली साडी काढल्यावर मग आत आलं. भाडं अर्थातच धुडाचं. ड्रायव्हरनं पेटी उचलली, काट्यावर वजन बघितलं आणि माझ्याकडं असं बघितलं की मी त्याला लग्नाला बोलवून चहावर कटवलंय. त्याहून वाईट म्हणजे काकांनी पण काटा बघितला. "10 टनाचे पैसे घेतलास आणि माल अर्धा टन?" बर्फाची गोष्ट मी त्यांना तीनदा सांगितली. चौथ्यांदा त्यांनीच विचारलं, मग बर्फ कुठाय?

पेटी वर आली. खाली पोरं निम्मं मराठी निम्मं कन्नड ओरडूलालीत, स्वल्प खाली, स्वल्प, साकु साकु, म्हणजे थोडं खाली, बास बास! आणि मी वाकून बघतोय तर कर्ब उलटा. हॉलमधलं सप्लायचं डक्ट, म्हणजे हवा न्यायचं नळकांडं, जिथं लटकतंय तिथं कर्बचं रिटर्नचं तोंड.

झालं असं, की मी हुबळीला असताना वळीव पडला, खडू धुऊन गेला. मग काकांनी कुणाला तरी विचारून मशीनचं तोंड पूर्वेला यावं म्हणून कर्बच फिरवून घेतला, आणि वर हौसेनं चारी बाजूंनी वॉटरप्रूफिंगचा जाड थर मारला. "मग मशीनच फिरवून ठेव की," काका म्हणाले. मशीन फिरवलं की त्याचं तोंड पण फिरतंय हो काका, नवरा-नवरीला गार वाऱ्याच्या जागी मागं ओढून घेणारं तोंड मिळेल.

पेटी गच्चीवर लाकडी ओंडक्यांवर उतरवली. चौघांनी छिन्नी घेऊन थर फोडला, कर्ब फिरवला, लेव्हल लावली तर एका कोपऱ्यात बुडबुडा पार कडेला. गच्चीला पन्हाळीकडं उतार असतो, त्यामुळं त्या बाजूला पट्ट्या सारून वर घ्यावं लागलं. खाली क्रेनचं मीटर चालूच. आता गॅस्केट, म्हणजे कर्बच्या काठावर चिकटवायची काळी फोमची पट्टी, तिच्याशिवाय हवा पण फुर्र आणि पाऊस पण आत. गॅस्केट गायब. अर्धा तास शोधलं. अखंड रोल वॉचमनमामा उशाला घेऊन झोपलेले. उठवलं तर म्हणाले, लई मऊ आहे हो, अजून एक मिळेल काय?

संध्याकाळी हॉल गार झाला. काका स्टेजवर लग्नातल्या खुर्चीत बसून दहा मिनिटं काहीच बोलले नाहीत.

जूनमध्ये भर पावसात फोन आला, "सांगितलंवतो न्हवं? गळतंय." धावत गेलो. कर्बला हात लावून बघितलं, ठणठणीत कोरडा. पेटी उघडली तर एसी चालताना सुटणारं पाणी झेलणारा आतला ट्रे काठोकाठ भरून पाणी डक्टमध्ये उतरत होतं. ट्रेच्या पाईपला बाहेर यू आकाराचं वळण लागतं, त्यात पाणी थांबतं. नाहीतर आतला पंखा त्याच पाईपनं बाहेरची हवा ओढतो आणि पाणी जागचं हलत नाही. ते वळणच नव्हतं.

"काका, इथला वाकडा पाईप कुठं गेला?"

"तेवढं वाकडं काम केलंवतास, चांगलं दिसंना, म्हणून माझ्या प्लंबरनं सरळ करून दिलं की. त्याचं बिल तुझ्याकडं पाठवूलालोय."