फोडला नाही, फुटला

मूल अडखळून पडलं की आपण सगळ्यात आधी जमिनीला चापट मारतो. जमिनीनं काही केलेलं नसतं, ती बिचारी पहिल्यापासून तिथेच असते. पण मूल रडायचं थांबतं आणि जन्मभर पुरेल असा धडा त्याला मिळतो. तुमचाही हा धडा झालेला आहेच. आता पुढची तयारी करून घेऊ.

मराठीत जन्माला आलात तिथेच निम्मं काम झालं. इंग्रजी बोलणाऱ्यांना दोष झटकायला कर्मणी प्रयोगाची कसरत करावी लागते. १९८७ साली इराणला शस्त्रं विकल्याचं प्रकरण अंगाशी आलं, तेव्हा राष्ट्राध्यक्ष रोनाल्ड रेगन अमेरिकी संसदेपुढे म्हणाले, 'गंभीर चुका केल्या गेल्या.' केल्या गेल्या म्हटलं की ऐकणारा विचारणारच, कुणाकडून? आपल्याकडे ती भानगड नाही. संध्याकाळ झाली, गर्दी झाली, तशी चूक झाली. कप कधीही फोडायचा नाही, तो फुटतो. फाइल हरवते, तारीख उलटून जाते, शब्दानं शब्द वाढतो. आणि 'राहून गेलं' हे तर रत्नच! जणू काम स्वतःच मागे बसून राहिलं आणि आपण सरळमार्गी माणसं आपल्या वाटेनं पुढे निघून गेलो.

बढतीचा अर्ज भरताना मात्र हे सगळं विसरा. तिथे काम 'झालं' असं लिहिणारे जन्मभर त्याच खुर्चीत बसतात. तिथे 'मी केलं'.

कचेरीत 'आपण' या सर्वनामाची सवय ठेवा. 'या वेळी आपण जरा कमी पडलो' हे वाक्य टेबलाभोवती नजर फिरवत म्हणायचं आणि सगळ्यात नवख्या चेहऱ्यावर ती थांबवायची. बाहेरचं कुणी तक्रार घेऊन आलंच, तर 'सिस्टीमच घेत नाही' म्हणा. सिस्टीम उलट उत्तर देत नाही.

घरात काम अवघड आहे, कारण तिथे साक्षीदार राहतो. १९७९ साली रॉस आणि सिकोली या दोन मानसशास्त्रज्ञांनी ३७ जोडप्यांना घरातल्या वीस बाबी देऊन प्रत्येकाला आपापला वाटा सांगायला लावला. वीसपैकी सोळा बाबतींत दोघांच्या वाट्यांची बेरीज पूर्णापेक्षा जास्त भरली. म्हणजे त्या घरांत जेवढं काम होतं त्याहून जास्त काम केलं जात होतं! तेव्हा तुम्हीही आकडा सांगताना संकोच करू नका, समोरचा करणार नाहीये.

सार्वजनिक जीवनात उतरलात तर माफीही मागावी लागेल. घाबरू नका. 'कुणाच्या भावना दुखावल्या असतील तर' अशी सुरुवात करा. त्या 'असतील तर'मध्ये सगळी जादू आहे: बोललो मी, पण दुखावण्याची जबाबदारी भावनांची. जॉन केनेडींनी १९६१ साली क्यूबावरची मोहीम फसल्यावर जबाबदारी सरळ स्वतःवर घेतली होती. त्यानंतर गॅलपच्या जनमत चाचणीत त्यांची लोकप्रियता ८३ टक्क्यांवर गेली. यावरून भलता निष्कर्ष काढू नका. एवढी जोखीम घ्यायला आपण काय राष्ट्राध्यक्ष आहोत?

मुलांकडे लक्ष ठेवा, त्यांची भाषा लवकर बिघडते. एखादं पोर तुकडे हातात घेऊन तुमच्यासमोर उभं राहतं आणि म्हणतं, 'मी फोडला.' असा जोरात ओरडा की पुन्हा ते क्रियापद त्याच्या तोंडी येऊ नये. एक-दोनदा पुरतं. तिसऱ्या वेळी ते 'फुटला' म्हणेल.

मग ती मुलं मोठी होतात, दूर राहायला जातात. तुम्ही वाट पाहून पाहून शेवटी स्वतःच फोन लावता आणि पलीकडून आवाज येतो, 'अगं, यायचं राहूनच गेलं बघ.'

व्याकरण अगदी अचूक असतं.