एलएम ३१८ वर रंग आला, मग घोडं अडलं कुठे?

नमस्कार.

व्हिडिओ ॲम्प्लिफायरच्या माझ्या लेखावर (एलएम ३१८ या जुन्या ऑप-अँप आयसीऐवजी एडी ८११ वापरा, असं त्यात म्हटलं होतं) तुम्ही चांगलंच झोडपलंत. बरं वाटलं, एरवी इथे "छान माहिती"च्या पुढे कोणी जात नाही. बाकीच्यांना संदर्भ लागावा म्हणून तुमचे आक्षेप थोडक्यात: पालचा (आपल्याकडच्या ॲनालॉग रंगीत टीव्ही पद्धतीचा) व्हिडिओ ५ मेगाहर्ट्‌झपर्यंतच असतो, एलएम ३१८ ची गेन-बँडविड्थ (गेन गुणिले बँडविड्थ) १५ आहे, दोनच्या गेनला, म्हणजे सिग्नल दुप्पट करताना, साडेसात मिळतात, मग एडी ८११ चा खर्च कशाला? आउटपुटला सिरीजमध्ये ७५ ओहम लावून अर्धा सिग्नल का घालवायचा? आणि ८११ लावून पाहिला तर तो नुसता ऑसिलेट झाला, म्हणजे सिग्नल नसतानाही आपणच डोलत राहिला.

आधी माझी चूक. "३१८ वर रंग फिके पडतील" असं मी लिहिलं होतं. ४.४३ मेगाहर्ट्‌झला, म्हणजे रंगाच्या सबकॅरिअरला (रंगाची माहिती वाहून नेणाऱ्या लहरीला), त्याचा गेन साधारण १४ टक्के पडतो हे खरं. पण कलर बर्स्टही (प्रत्येक ओळीच्या आधी येणारा सबकॅरिअरचा छोटा नमुना) त्याच वाटेने जातो, तोही तेवढाच खाली येतो आणि टीव्हीतलं ऑटोमॅटिक कलर कंट्रोल बर्स्टकडे बघूनच रंग वर उचलतं. फेज ३० अंश मागे पडते, तीही दोघांची सारखीच. त्यामुळे तुमच्या पडद्यावर रंग ठणठणीत दिसला यात नवल नाही. तीस वर्षं टीव्ही उघडणाऱ्या माणसापुढे मी ते वाक्य टाकायला नको होतं. स्लू रेटमध्येही (आउटपुट किती झपाट्याने बदलू शकतं त्यात) ३१८ पास आहे: २ व्होल्ट पीक-टू-पीकला ५ मेगाहर्ट्‌झवर मायक्रोसेकंदाला ३१ व्होल्ट लागतात, त्याच्याकडे निदान ५० आहेत.

घोडं अडतं ते दुसरीकडेच. बर्स्ट येतो ब्लँकिंगच्या, म्हणजे ओळींच्या मधल्या चित्र नसलेल्या वेळेच्या, पातळीवर. टीव्ही माप तिथे घेतो आणि तेच माप चित्रातल्या लख्ख पांढऱ्या भागालाही लावतो. मधल्या काळात आउटपुट व्होल्टभर वर चढलेलं असतं, १५० ओहमच्या लोडला करंट पुरवत असतं, आणि आतल्या ट्रान्झिस्टरांची वागणूक थोडी बदललेली असते. ऑडिओत याची फिकीर नसते. १ किलोहर्ट्‌झला लूप गेन (दुरुस्तीसाठी फीडबॅकच्या हाती उरणारा गेन) हजारांत असतो, फीडबॅक सगळं पोटात घालतो. पण ४.४३ ला ३१८ चा ओपन-लूप (फीडबॅकशिवायचा) गेन उरतो ३.४, आणि दोनच्या गेनला लूप गेन १.७. एवढ्याशा फीडबॅकने काय दुरुस्त होणार? समजा पांढऱ्यावर गेन-बँडविड्थ दहाच टक्के घसरली. रंगाची उंची आणखी ३ टक्क्यांनी उतरते आणि फेज २.७ अंश सरकते. यातलं बर्स्टला काहीच कळत नाही, म्हणून टीव्हीलाही कळत नाही. डिफरन्शियल गेन आणि डिफरन्शियल फेज म्हणतात ते हेच, आणि ८११ च्या डेटाशीटवर हे आकडे ०.०१ टक्का आणि ०.०१ अंश आहेत. पैसे त्याचे, बँडविड्थचे नव्हेत.

पालमध्ये एकाआड एक ओळीला फेज उलटते म्हणून रंगछटा सावरून घेतली जाते, एनटीएससीत (अमेरिकेतल्या जुन्या टीव्ही पद्धतीत) माणसांचे चेहरेच हिरवट-जांभळे व्हायचे. शिवाय घरात एकच ॲम्प्लिफायर असेल तर खुशाल ३१८ वापरा. ॲनालॉगच्या काळात स्टुडिओत सिग्नल अशा दहा-वीस पायऱ्या ओलांडायचा, तिथे या चुका साचत जायच्या.

७५ ओहमचं म्हणाल, तर टीव्हीकडचं टर्मिनेशन (केबलच्या त्या टोकाचा ७५ ओहम) अगदी नेमकं असतं तर तुमचंच बरोबर होतं. ते नसतं, म्हणून थोडा सिग्नल परत फिरतो. २० मीटर केबलची जा-ये सुमारे २०० नॅनोसेकंद, म्हणजे ४० सेंटीमीटर रुंद पडद्यावर दीड मिलिमीटरची सावली. इकडचा ७५ ओहम ती गिळतो. अर्धा सिग्नल जातो तो आधीच धरलेला आहे, गेन दोन ठेवतात तो त्यासाठीच.

ऑसिलेशनचं उत्तर तुमच्याच प्रतिक्रियेत आहे: "फीडबॅक रेझिस्टरवर सवयीप्रमाणे १० पिकोफॅरड टाकला." ३१८ ला ती सवय ठीक, पण ८११ करंट-फीडबॅकचा आहे, म्हणजे फीडबॅक व्होल्टेजने नाही तर करंटने घेतो. त्याची स्थिरता त्या रेझिस्टरवरच उभी असते आणि वरच्या फ्रिक्वेन्सीला कपॅसिटर तोच शॉर्ट करतो. कपॅसिटर काढा, रेझिस्टर ६५० ओहमच्या आसपास ठेवा, सप्लायच्या पिनांना चिकटून ०.१ मायक्रोफॅरड लावा. आणि ब्रेडबोर्डवर नको, कृपा करून. (तरीही ऑसिलेट झाला तर आयसीवरचा नंबर भिंगाखाली बघा, पुसून नव्याने छापलेला माल मीही घेऊन बसलोय.)

तुमच्याकडे स्कोप आहे, तेव्हा एक करून बघा. ० ते ०.७ व्होल्टचा सावकाश रॅम्प (एकसारखं चढत जाणारं व्होल्टेज), त्यावर ०.३ व्होल्टचा ४.४३ मेगाहर्ट्‌झ. आउटपुटला १०० पिकोफॅरड आणि १ किलोओहमचा हाय-पास लावा, रॅम्प निघून जाईल आणि फक्त सबकॅरिअरचा पट्टा दिसेल. त्याची जाडी दोन्ही टोकांना मोजा, आधी ३१८ वर, मग ८११ वर. ३१८ चा पट्टा एकसारखा निघाला तर कळवा, लेखातला तो परिच्छेद मी बदलतो.