फिल्टरची जाळी बाभळीला टांगा

राजेहो, ठिबक लावलं ना? मग सगळ्यात आधी फिल्टर उघडा, आतली जाळी काढा आणि धुऱ्यावरच्या बाभळीला टांगून द्या. परवा कळमेश्वरकडच्या एका वांग्याच्या वावरात ती तशीच लटकलेली दिसली, म्हणून सल्ल्याची सुरुवात तिथूनच. कारण? "जाळीने पाणी कमी येते." बरोबरच आहे! विहिरीतलं शेवाळ, गाळ, गोगलगाईची पिल्लं, सगळ्यांना पिकापर्यंत पोचू द्या. 120 मेशच्या जाळीचं भोक 0.13 मिमीचं आणि झाडाजवळ थेंब सोडणाऱ्या ड्रिपरमधली वाट 1 मिमीच्या आसपास, असले आकडे वाचून डोकं शिणवू नका.

पाण्याचा दाब दाखवणारं प्रेशर गेज डीलरने दिलंच नसेल. बरं झालं. नाहीतर फिल्टरच्या अलीकडे दीड किलो, पलीकडे एक किलो दाखवून ते सांगत बसलं असतं की जाळी धुवायला झाली.

महिन्याभरात ड्रिपर चोक होतील. घाबरता काहून? बाभूळ आहेच. तिचाच एक काटा मोडा आणि झाड दिसेल तिथं लॅटरलला, म्हणजे ड्रिपरच्या नळीला, टोचा. काय मस्त पिचकारी उडते! ड्रिपर बिचारा तासाला 4 लिटर मोजून द्यायला बनवलेला. भोकाला कसलं मोजमाप? व्हॉल्व्हजवळच्या झाडांना कन्हान नदीचा पूर, टोकाच्या झाडांना कोरड. पुढे प्रेशर पडलं की जे ड्रिपर धड होते तेही ठिबकायचे थांबतात. मग टोकापर्यंत पाणी जावं म्हणून मोटर जास्त वेळ चालवा. हिशेब करू नका, केला तर झोप उडेल. दोन नळ्यांत 5 फूट, दोन ड्रिपरमध्ये 40 सेंमी, म्हणजे एकरात साधारण 6,600 ड्रिपर आणि तासाला 26,000 लिटर पाणी. वावरभर साडेसहा मिमी पाऊस पडावा तेवढं. हिवाळ्यात भरात आलेल्या वांग्याला दिवसाला 3-4 मिमी म्हणजे खूप झालं. अर्धा तास! तुम्ही स्टार्टरला ऑटो लावून झोपा. लाईन आली की मोटर सुरू, लाईन गेली की बंद. काळी माती पाणी धरून बसते, मुळांचा श्वास कोंडतो, पानं पिवळी पडतात. पिवळी पडली की युरिया फेका. त्यानेही नाही जमलं तर आणखी पाणी.

खुरपणीत नळी कापली गेली? जॉइनर काय आणता, सायकलची ट्यूब गुंडाळा.

नळीतून सोडायची खतं, कॅल्शियम नायट्रेट आणि स्फुरद-पालाशचं 00:52:34, एकाच बादलीत कालवा. तळाला जो पांढरा गाळ बसेल, तो ड्रिपरसाठीच असतो.

आणि शेवटी सांभाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्या घेऊन नागपूरच्या कॉटन मार्केटला गेलात की चहाच्या टपरीवर जाहीर करा, "ठिबक आपल्या मातीत चालत नाही गा."

अरे, कसं चालेल? 80 टक्के अनुदान घेतलं, फोटो काढला, आणि जाळी झाडावर! पाच मिनिटांचं काम आहे ते. आठवड्यातून एकदा मोटर बंद करून झाकण खोला, जाळी जुन्या टूथब्रशने दोन्हीकडून घासा, रबरी रिंग जागेवर बसली का बघा. मग मोटर लावून आधी सबमेनचा, म्हणजे नळ्यांना पाणी देणाऱ्या पाइपचा, गाळ काढायचा फ्लश व्हॉल्व्ह उघडा, नंतर नळ्यांची टोकं चार-चार करून सोडा, निवळ पाणी येईस्तोवर. ड्रिपरमध्ये क्षार धरला असेल तर आम्ल प्रक्रिया करा, म्हणजे नळ्यांतून पातळ आम्ल सोडा. तिथं काटा कामाचा नाही. रोज मोटर लावण्याआधी झाडाजवळची वीतभर खालची माती मुठीत दाबा. गोळा झाला तर बटणाला हात लावू नका. आणि डीलर दोन गेज, फ्लश व्हॉल्व्ह बसवत नाही तोवर काम पूर्ण झाल्याच्या कागदावर सही कशाला करता? सही केल्यावर तो फोन उचलत नाही, हे ठाऊक नाही का तुम्हाला?

ती जाळी आज उतरवा. वाळलेलं शेवाळ घासून निघत नाही, रात्रभर पाण्यात भिजवून ठेवा.